व्याधाला विचारून बघा: ताऱ्यांची अंतरं बदलताना या चुका टाळा

पार्सेक आणि प्रकाशवर्ष ही दोन्ही ताऱ्यांची अंतरं मोजायची एककं; एक पार्सेक म्हणजे 3.26 प्रकाशवर्षं. मग पार्सेकची प्रकाशवर्षं करताना 3.26 ने गुणायचं की भागायचं? बहुतेकांचा पाय इथेच घसरतो. पार्सेक मोठं, प्रकाशवर्ष लहान. रुपयांचे पैसे करताना आकडा फुगतो, तसा इथेही फुगायला हवा. पडताळणीसाठी मी नेहमी व्याध (Sirius) हा तारा घेतो. तो 2.64 पार्सेकवर आहे. गुणलं की 8.6 प्रकाशवर्षं. चुकून भागलं तर 0.81 येतं, आणि सूर्य सोडला तर सर्वांत जवळचा तारा, प्रॉक्सिमा, 4.24 प्रकाशवर्षांवर आहे. त्याच्याही अलीकडे तारा आला की गणित पुन्हा मांडायचं.

पृथ्वी सूर्याभोवती फिरताना जवळचा तारा किंचित सरकल्यासारखा दिसतो; त्यावरून मोजलेला कोन म्हणजे पराशय (parallax). त्यावरून पार्सेकमध्ये अंतर काढताना एकाला या कोनाने भागायचं, पण कोन विकलांमध्ये (एक विकला म्हणजे अंशाचा 3600वा भाग) हवा. हिप्पार्कस आणि गाया यानांच्या तारासूचींत तो विकलेच्या हजाराव्या भागांत दिलेला असतो. व्याधासमोर 379 दिसतं, म्हणजे 0.379 विकला. तसेच 379 घेऊन बसलात तर व्याध येतो जेमतेम 544 खगोलीय एककांवर, म्हणजे पृथ्वी-सूर्य अंतराच्या 544 पट! व्हॉयेजर 1 हे अंतराळयान आजच 170च्या आसपास पोचलंय.

सगळ्यांत लबाड चूक पुढची. सहा महिन्यांच्या अंतराने दोन फोटो काढले की तारा जितका सरकलेला दिसतो, त्याच्या निम्मा म्हणजे पराशय. कारण व्याख्येत पाया पृथ्वीच्या कक्षेच्या त्रिज्येचा आहे, व्यासाचा नाही. निम्मं करायला विसरलात तर व्याध 4.3 प्रकाशवर्षांवर येतो. हे उत्तर प्रॉक्सिमाच्या कसोटीतूनही निसटतं, म्हणून गोत्यात आणतं. इथे व्याधाचं खरं अंतर पाठ असलेलंच बरं.

सूर्यमालेत प्रकाशवर्ष वापरूच नका. नेपच्यून 30 खगोलीय एककांवर. त्याला 63,241 ने (एका प्रकाशवर्षात इतकी खगोलीय एककं) भागून 0.00047 काढण्यात हाती काय लागतं? सूर्यप्रकाशाला एक खगोलीय एकक, म्हणजे सुमारे 15 कोटी किलोमीटर, पार करायला 8 मिनिटं 19 सेकंद लागतात. नेपच्यूनपर्यंत चार तासांहून थोडं जास्त. हे लगेच कळतं.

प्रकाशवर्ष हा काळ नाही, हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. मराठीत खरा घोळ होतो शून्यांचा. मिलियन म्हणजे 10 लाख, बिलियन म्हणजे अब्ज, ट्रिलियन म्हणजे लाख कोटी. म्हणून प्रकाशवर्ष 9.46 लाख कोटी किलोमीटरचं, नुसतं ‘9.46 कोटी’ लिहिलंत तर ते सूर्यापर्यंतही पोचत नाही. देवयानी दीर्घिका 2.5 मिलियन प्रकाशवर्षांवर, म्हणजे 25 लाख. ‘25 कोटी’ लिहिलेलं दिसलं तर छापणाऱ्याने तिला शंभरपट लांब ढकललंय असं समजा.