खोलीतल्या तंबूत मातीविना लेट्यूस

लेट्यूस हे थंड हवामानाचे पीक आहे, त्यामुळे आपल्याकडच्या उन्हाळ्यात त्याला लवकर फुलांचा दांडा फुटतो आणि पाने कडवट होतात. घरात झाडे वाढवण्यासाठीचा बंद तंबू उभारून, आत दिवा लावून केवळ पोषणद्रव्यांच्या पाण्यावर ते वाढवता येते. मात्र तंबूमुळे गारवा मिळेल हा समज आधी सोडावा. दिव्याची उष्णता आत कोंडते आणि तंबू खोलीपेक्षा जास्तच तापतो, म्हणून खोली २५ अंशांच्या आसपास ठेवता येत नसेल तर लागवड हिवाळ्यातच करावी.

साठ सेंटिमीटर लांब-रुंद तंबूला सुमारे १०० वॅटचा एलईडी दिवा पुरतो. वरच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा पंखा लावावा, खालची खिडकी उघडी ठेवावी आणि पानांवरून झुळूक जाईल असा एक लहान पंखा आत बसवावा. वीस लिटरचा अपारदर्शक टब घ्यावा, कारण पाण्याला उजेड लागला की शेवाळ धरते. टबाच्या झाकणाला चार भोके पाडून त्यांत जाळीच्या कुंड्या बसवाव्यात आणि मत्स्यालयातला हवेचा पंप अखंड चालू ठेवावा. विजेचा बोर्ड पाण्याच्या पातळीपेक्षा वर टांगावा.

बी ओल्या स्पंजवर ठेवावे, खोल दाबू नये. त्याला रुजताना उजेड हवा असतो. रोपाला तीन-चार पाने आली की ते कुंडीत हलवावे.

खताच्या बाबतीत नवखा माणूस हमखास चुकतो. कृषी सेवा केंद्रात सहज मिळणारे १९:१९:१९ हे विद्राव्य खत मातीत उत्तम चालते, परंतु त्यातला निम्म्याहून अधिक नत्र युरियाच्या रूपात असतो, तो नुसत्या पाण्यात मुळांच्या फारसा उपयोगी पडत नाही, आणि त्यात कॅल्शियमही नसते. म्हणून हायड्रोपोनिक्ससाठी, म्हणजे मातीविना लागवडीसाठी, बनवलेले दोन भागांचे खत घ्यावे. दोन्ही भाग पाण्यात न मिसळता एकमेकांत ओतल्यास एका भागातले कॅल्शियम दुसऱ्यातल्या फॉस्फेट व सल्फेटशी जुळून पांढरा गाळ बसतो. तेव्हा टबातल्या पाण्यात एक भाग पूर्ण ढवळून मगच दुसरा घालावा. ईसी, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचे माप (मिलिसिमेन्स प्रति सेंटिमीटर), रोपाला ०.८ आणि पुढे १.२ ते १.४ पुरे; पीएच, म्हणजे आम्लतेचे माप, ५.५ ते ६.५ दरम्यान असावा. बोअरचे पाणी जड असेल तर आरओचे वापरावे.

झाड क्षारांपेक्षा पाणी अधिक वेगाने पिते, त्यामुळे ईसी चढला तर खत न घालता साधे पाणी ओतावे. दर पंधरवड्याला सगळे द्रावण बदलावे.

दिवा रोज १४ ते १६ तास लावावा. गड्ड्याच्या आतल्या कोवळ्या पानांच्या कडा जळाल्यासारख्या तपकिरी दिसू लागल्या, की बहुतेक जण कॅल्शियम वाढवतात. माझ्या मते तो उपाय चुकीच्या जागी आहे: कॅल्शियम पाण्यात असतेच, पण कोंदट हवेत आतल्या पानांतून बाष्प उडत नाही आणि कॅल्शियम तिथवर पोहोचत नाही. लहान पंख्याचा रोख त्या पानांकडे वळवावा आणि दिव्याचा वेळ दोन तासांनी कमी करावा.

आठवड्यातून एकदा झाकण उचलून मुळे पाहावीत. ती पांढरी व ताठ असावीत. तपकिरी, बुळबुळीत होऊन कुजका वास येत असेल तर पाणी तापले आहे असे समजावे, द्रावण बदलावे आणि दुपारी बर्फाची बंद बाटली टबात सोडावी. साधारण सहाव्या आठवड्यापासून बाहेरची पाने कात्रीने कापून घ्यावीत आणि मधला कोंब राखावा.