लेखन कार्यशाळेत कथा नेताय? या चुका टाळा

विद्यापीठातल्या सर्जनशील लेखनाच्या वर्गात येणाऱ्या बहुतेकांच्या मनात एकच प्रश्न असतो: मला लिहिता येतं की नाही, ते एकदाचं कुणीतरी सांगा. कार्यशाळा हे सांगत नाही. दहा-बारा जणांनी तुमचा मजकूर मन लावून वाचला, तर ते कुठे रमतात आणि कुठे अडखळतात हे कळतं, आणि तिथे मिळतं ते एवढंच. पण एरवी हेच मिळत नाही. घरचे कौतुक करतात, मित्र वाचतो म्हणून वाचत नाहीत, संपादक नकाराचं कारण कळवत नाहीत. ही गोष्ट लक्षात न घेतल्यामुळे पुढच्या बऱ्याचशा चुका होतात.

पक्की झालेली कथा नेणं

दोन वर्षांपूर्वी लिहिलेली, चार जणांनी वाखाणलेली कथा वर्गात वाचायला बरी वाटते. पण तिच्यात काही बदलायची तुमची तयारी नसते, त्यामुळे सगळी चर्चा वाया जाते. उलट टोकाला, आदल्या रात्री खरडलेला मजकूर नेऊन ‘अजून कच्चं आहे हं’ म्हणत सुरुवात करणंही तितकंच निरुपयोगी. त्यातल्या उणिवा तुम्हाला आधीच ठाऊक असतात. त्याच दाखवायला इतरांचा तास कशाला खर्च करायचा? स्वतःच्या बुद्धीने जिथवर नेता येईल तिथवर नेलेला, पण आता पुढे काय करावं ते सुचत नाही, असा खर्डा न्यावा.

कादंबरीचं मधलंच प्रकरण देणार असाल, तर आधी काय घडलं ते चार ओळींत लिहून जोडा. नाहीतर पहिल्या प्रकरणात सांगून झालेल्या गोष्टी गट तुम्हाला चौथ्यात घालायला लावेल.

चर्चा चालू असताना खुलासे करणं

‘नाही, म्हणजे मला तिथे असं म्हणायचं होतं की...’ हे वाक्य तोंडून बाहेर पडलं की चर्चा संपली म्हणून समजा. त्यानंतर वाचक तुमच्या कथेबद्दल बोलत नाहीत, तुमच्या खुलाशाबद्दल बोलतात. अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ साली लेखकांची कार्यशाळा सुरू झाली. तिच्याशी जोडल्या गेलेल्या पद्धतीत चर्चा होईपर्यंत लेखकाने गप्प बसायचा संकेत आहे, तो यासाठीच.

अर्थात या मौनाचाही अतिरेक होतो. निवेदक मुलगा आहे की मुलगी यावर गट अर्धा तास वाद घालत असेल, तर लेखकाने तोंडाला कुलूप लावून बसण्यात काही शहाणपणा नाही. नृत्यरचनाकार लिझ लर्मन यांनी १९९० च्या सुमारास अभिप्रायाची एक वेगळी पद्धत मांडली, ती मला जास्त पटते. त्यात आधी मनात काय राहिलं ते वाचक सांगतात, मग लेखक स्वतःचे प्रश्न विचारतो, त्यानंतर वाचक विचारतात, पण प्रश्नात मत दडवायचं नाही. ‘शेवट इतका घाईत का उरकलास?’ हा प्रश्न नव्हे, शेरा आहे. ‘शेवटच्या प्रसंगात किती वेळ जातो असं तुझ्या मनात आहे?’ हा प्रश्न. मत सगळ्यात शेवटी, तेही लेखकाची परवानगी घेऊन. तुमच्या वर्गात कुठलीही पद्धत असो, दोन-तीन नेमके प्रश्न लिहून न्या. ‘कशी वाटली?’ हा त्यांतला नसावा.

सूचना जशीच्या तशी उचलणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच, आणि ती गुणी, मेहनती विद्यार्थी करतात.

समजा, वडिलांचं घर विकायला एकत्र आलेल्या भावंडांची कथा आहे. गट म्हणतो, शेवट पटला नाही. ताई अचानक निघून जाते. लेखक घरी जाऊन शेवट बदलतो. ताई जात नाही, रडते. पुढच्या वेळी तेही पटत नाही. मग ती पत्र ठेवून जाते. खरी गोम असते दुसऱ्या पानावर, या वाक्यात:

‘मग ताईने कागदांवर सही केली आणि सगळे उठले.’

अख्ख्या कथेचा भार ज्या क्षणावर, तो निम्म्या वाक्यात उरकलेला. ताईच्या मनात काही चाललंय याची वाचकाला चाहूलच लागलेली नाही, मग तिचं जाणं अचानकच वाटणार. तीच जागा अशी लिहून पाहा:

‘ताईने पेनाचं टोपण काढलं, परत लावलं. “तारीख आजचीच टाकायची ना?” तिने विचारलं. वकिलांनी मान हलवली. तिने आधी तारीख टाकली. सही मात्र सगळ्यांत शेवटी केली.’

आता मूळ शेवटाला हात न लावताही तो चालून जाण्याची शक्यता आहे. वाचकाला कुठे खटकलं, हे त्याच्याइतकं खरं दुसरं कुणी सांगू शकत नाही. पण दुखणं नेमकं कुठे आहे आणि त्यावर इलाज काय, हे शोधणं त्याचं काम नव्हे. म्हणून वहीत सूचना उतरवून घेण्याऐवजी जागा उतरवून घ्या: कुठलं पान, कुठलं वाक्य, तिथे वाचकाला काय झालं. दोन-चार दिवस वही मिटून ठेवा. तीन जण एकाच जागी अडले असतील आणि तिघांचे उपाय तीन तऱ्हांचे असतील, तर उपाय सोडून द्या, जागा धरा. सगळ्यांचं समाधान करू पाहणाऱ्या कथेत प्रत्येकाचं एकेक वाक्य असतं, लेखकाचं एकही नसतं.

दुसऱ्याचं लेखन वरवर वाचणं

‘छान आहे, आवडलं’ म्हणून मोकळं होणारे आणि फक्त ऱ्हस्व-दीर्घ तपासणारे, दोघेही स्वतःचंच नुकसान करून घेतात. स्वतःच्या मजकुरातला ढिसाळपणा दिसत नाही. दुसऱ्याच्या मजकुरात तो दिसायला लागला की हळूहळू डोळा तयार होतो. खर्डा दोनदा वाचा: एकदा सलग, हातात पेन न घेता, आणि दुसऱ्यांदा समासात खुणा करत. ‘मी असतो तर हे खेड्यात घडवलं असतं’ असली वाक्यं गिळून टाका. ती तुमची कथा आहे, ती तुम्ही लिहा.

काही नेहमीच्या अडचणी

गट गप्प बसत असेल, तर कवितेच्या किंवा कथेच्या एकाच परिच्छेदावर बोलायला सुरुवात करा. पूर्ण मजकुरावर मत द्यायला लोक बिचकतात. एकच जण बोलत राहत असेल, तर मार्गदर्शकांना आधी दोन मिनिटं सगळ्यांना लिहायला लावायची विनंती करा. कविता स्वतः वाचू नका, दुसऱ्याला वाचायला द्या. चांगला आवाज कमकुवत ओळी झाकून नेतो, आणि दुसरा वाचताना जिथे ठेचकाळतो तिथे लय गेलेली असते.

मार्गदर्शकांची शैली आपल्या लेखनात शिरतेय असं वाटलं, तर घाबरू नका, पण एखादा खर्डा मुद्दाम त्यांना न दाखवता पूर्ण करा. गुणांचा प्रश्न असेल तर मूल्यमापन पहिल्या खर्ड्याचं होणार की सुधारितचं, हे सत्राच्या सुरुवातीलाच विचारून घ्या. पहिल्यावर गुण मिळणार असतील तर कुणी धोका पत्करत नाही, सगळे जपून लिहितात.

आणि सत्र संपायच्या आत गटातले दोन वाचक हेरून ठेवा. सगळ्यांत गोड बोलणारे नकोत. ज्यांनी दाखवलेल्या जागा नंतर खरोखर कच्च्या निघाल्या, असे. पुढची तारीख त्यांच्याशीच ठरवा, कारण सबमिशनची तारीख गेली की निम्म्याहून अधिक जणांचं लिहिणंही थांबतं.