मधला पिकअप की मोठा? आधी दार उघडून बघा

अमेरिकेत ओव्हरलँडिंगसाठी, म्हणजे गाडीतच मुक्कामाचं सामान घेऊन कच्च्या वाटांवर लांब भटकायला, पिकअप घेताना टोयोटा टकोमासारखा मधल्या आकाराचा घ्यावा की फोर्ड एफ-१५० सारखा मोठा, यावर आठवडेच्या आठवडे जातात. फोटो बघत बसण्यापेक्षा हे करा.

१. चालकाचं दार उघडा. दाराच्या खांबावर टायर आणि वजनाचा स्टिकर असतो. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती वजन चालेल, तो आकडा त्यावर किलोतही लिहिलेला असतो. जाहिरातीतला आकडा सोडून द्या. चामड्याच्या सीटा, सनरूफ असलेल्या महागड्या मॉडेलचा आकडा बहुतेक वेळा साध्यापेक्षा कमी निघतो!

२. आता बेरीज. चौघं जण २८० किलो, छतावरचा तंबू ६५, पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो. पुढे फ्रिज, विंच (अडकलेली गाडी दोराने ओढून काढायचं यंत्र), अवजारं, शिधा, आणि कुत्रा असेल तर तोही.

३. बेरीज मधल्या पिकअपच्या स्टिकरवरच्या आकड्यात सहज बसली, तर मधलाच घ्या. युटातल्या अरुंद, खडकाळ वाटांवर कमी रुंदी फार कामी येते. काठोकाठ आली तर मोठा.

जाड स्प्रिंग बसवल्या की गाडी खाली बसत नाही, पण स्टिकरवरचा आकडा तेवढाच राहतो.