टिक्झमध्ये उत्पादन वक्र काढताना या चुका टाळा

टिक्झ म्हणजे लाटेक या अक्षरजुळणी प्रणालीत आज्ञा लिहून आकृत्या काढायचं साधन. त्यात उत्पादन शक्यता वक्र (आहे त्या साधनांत दोन वस्तूंच्या, समजा कापड आणि गहू, कोणत्या जोड्या बनवता येतात ते दाखवणारा) काढायचा म्हटलं की बहुतेक जण एकच ओळ लिहितात. (०,१०) पासून (१०,०) पर्यंत 'टू' आणि चौकटी कंसात 'बेंड लेफ्ट=४५'. वक्र छान गोल येतो, म्हणून तीच ओळ पुढच्या दहा आकृत्यांमध्ये चिकटवली जाते. घोळ तिथे सुरू होतो.

'बेंड लेफ्ट'चा कोन कागदाच्या आडव्या रेषेपासून मोजला जात नाही, दोन टोकं जोडणाऱ्या रेषेपासून मोजला जातो. दोन्ही अक्षांवर १० असेल तर ती रेषा ४५ अंशांनी खाली उतरते. त्यामुळे ४५ चा बाक दिला की वक्र बरोबर आडवा निघतो आणि उभा टेकतो. आता गव्हाच्या, म्हणजे उभ्या अक्षावर १० ऐवजी ६ घ्या. रेषेचा उतार ३१ अंशांवर येतो, बाक ४५ चाच राहतो, आणि वक्र १४ अंश वर तोंड करून निघतो. आधी ६ च्या वर चढतो, मग उतरतो. अर्थशास्त्रात याचा अर्थ असा होतो की सगळी साधनं गव्हाला लावून ६ नग मिळत होते, त्यातली थोडी कापडाकडे वळवली तर कापडही मिळालं आणि गहूही वाढला! मग संधी खर्च, म्हणजे एक वस्तू वाढवताना दुसरी किती सोडावी लागते ते, शिकवायचा कशावर? हा फुगवटा छोट्या आकृतीत पटकन दिसत नाही. पडद्यावर मोठं करून उभ्या अक्षाजवळचं टोक बघा, लगेच सापडेल. पीजीएफप्लॉट्समध्ये (टिक्झवर आधारलेलं आलेखांचं पॅकेज) तर आलेखाची रुंदी बदलली तरी हा कोन बदलतो, कारण तो अक्षांवरच्या आकड्यांतून नव्हे, कागदावरच्या अंतरांतून निघतो.

त्याऐवजी 'आउट=०, इन=९०' लिहा. हे कोन कागदाला धरून असतात, टोकं हलली तरी बदलत नाहीत. त्याहून चांगलं म्हणजे लंबवर्तुळाचा पाव भाग: 'आर्क', सुरुवात ९०, शेवट ०, एक्स त्रिज्या १०, वाय त्रिज्या ६. याचा मोठा फायदा असा की वक्रावरचा बिंदू अंदाजाने ठेवावा लागत नाही. १० कॉस ५० आणि ६ साइन ५० घेतले की बिंदू (६.४३, ४.६०) वर नेमका बसतो. कोन अंशांतच द्यायचा. अकार्यक्षम बिंदू (४,३) आत आहे आणि अप्राप्य बिंदू (८,५) बाहेर आहे, हेही (क्ष/१०)² + (य/६)² मध्ये घालून तपासता येतं: पहिल्याचं उत्तर ०.४१, दुसऱ्याचं १.३३, आणि वक्रावर १.

दोन्ही अक्षांवर १० असताना काही जण वर्गमूळ वापरतात, य = √(१०० − क्ष²). सूत्र बरोबर आहे, पण उजव्या टोकाशी वक्र जवळजवळ उभा होतो आणि तिथे नमुने, म्हणजे वक्र जोडण्यासाठी मोजलेले बिंदू, अपुरे पडतात. मुळात २५ नमुने असतात, म्हणून शेवटचा तुकडा २.८६ वरून थेट शून्यावर सरळ रेषेत येतो. २०० नमुने घेतले तरी शेवटचा साधारण १ नग सरळच उतरतो, फाइलला वेळ मात्र जास्त लागतो. 'सॅम्पल्स' वाढवत बसणं हा उपाय नाही. वरच्यासारखं कॉस-साइनमध्ये कोन घेऊन काढा, २५ पुरतात.

'बेंड राइट' टाकलात तर वक्र आरंभबिंदूकडे झुकतो आणि संधी खर्च घटता दिसतो.

दुसरी चूक एकूण, सरासरी आणि सीमांत (श्रमाचा आणखी एक नग लावल्यावर वाढणाऱ्या) उत्पादनाची. पाच-सहा बिंदू डोळ्यांनी ठेवायचे, बिंदू गोलसर जोडणारं 'स्मूद' लावायचं आणि आकृती झाली असं समजायचं. मग सीमांत वक्र सरासरीला तिच्या शिखरावर न छेदता थोडा पुढे छेदतो, आणि एकूण उत्पादन कमाल असताना सीमांत अजून शून्यावर आलेलं नसतं. घाई असणाऱ्यांना हे बारीक वाटतं, पण विद्यार्थ्याला त्या आकृतीतून नेमकं हेच शिकायचं असतं. म्हणून समीकरण घ्या. श्रमाचे नग श्र धरले तर एकूण उत्पादन = १२श्र² − श्र³, सरासरी = १२श्र − श्र², सीमांत = २४श्र − ३श्र². सीमांत ४ नगांवर कमाल, ४८. सरासरी ६ वर कमाल, ३६, आणि तिथे सीमांतही ३६. एकूण ८ वर कमाल, २५६, आणि सीमांत शून्य. तिन्ही तुटक उभ्या रेषा ४, ६ आणि ८ वर टाका, जुळवाजुळव करावी लागत नाही. साध्या टिक्झमध्ये 'वाय=०.०२ सेंमी' ठेवलं की २५६ ची उंची ५.१२ सेंमी होते.

एकूण उत्पादन वर आणि बाकी दोन खाली अशी जोडी करायची असेल तर दोन वेगळी चित्रं मध्यभागी ठेवू नका. वरच्या अक्षावर तीन अंकी आकडे, खाली दोन अंकी, त्यामुळे चित्रांची रुंदी वेगळी होते आणि वरचा ८ खालच्या ८ वर येत नाही. आलेख एकाखाली एक जुळवणारं 'ग्रुपप्लॉट्स' वापरा, एक बाय दोन. खालच्या आलेखात 'वायमिन=०' ठेवलं तर ८ नंतरचं ऋण सीमांत उत्पादन कापलं जातं, म्हणजे उत्पादनाची तिसरी, एकूण उत्पादन घटण्याची अवस्थाच गायब.

समोत्पादन वक्र (सारखंच उत्पादन देणाऱ्या श्रम-भांडवलाच्या जोड्यांचा) हाताने वाकवू नका, नाहीतर दोन वक्र एकमेकांना छेदतात. १६/श्र आणि २५/श्र घ्या, 'डोमेन' १ पासून सुरू करा, शून्यापासून नाही. पहिल्याला (४,४) वर स्पर्श करणारी समखर्च (सारख्याच खर्चात येणाऱ्या जोड्यांची) रेषा ८ − श्र.

कोणत्या आवृत्तीप्रमाणे वागायचं ते सांगणारी 'कॉम्पॅट' ची ओळ नसेल तर पीजीएफप्लॉट्स जुन्या पद्धतीने वागतं आणि 'ड्रॉ'ने ठेवलेला बिंदू भलतीकडेच पडतो. टोकावरचं नाव कापलं जात असेल तर 'क्लिप=फॉल्स' द्या.

नावं मराठीत हवी असतील तर झीलाटेक (युनिकोड आणि फॉन्ट थेट वापरणारं लाटेक) घ्या आणि फॉन्टला 'स्क्रिप्ट=देवनागरी' द्या. नाहीतर 'किंमत' मधली पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाऊन बसते.