खाडीकाठच्या उतारावर घर बांधताना या चुका टाळा

कोकणात खाडीकाठची उतरती जागा घेणारे बहुतेक जण पाणी कुठून दिसेल हे पाहून आराखडा करवून घेतात. पाणी कुठून येईल, हा प्रश्न त्यांना पहिल्या पावसाळ्यात पडतो.

सातबारा स्वच्छ आहे म्हणून निर्धास्त राहणे ही त्याआधीची चूक. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेनुसार ग्रामीण भागात खाडीकाठी उच्चतम भरती-रेषेपासून ५० मीटर किंवा खाडीची रुंदी, यांपैकी जे कमी असेल तेवढा पट्टा ना-विकास क्षेत्र असतो. विरळ वस्तीच्या खुल्या समुद्रकिनाऱ्यावर हेच अंतर २०० मीटर आहे. ही रेषा डोळ्यांच्या अंदाजाने ठरत नाही. मंजूर किनारा आराखड्यावरून ती गटाच्या नकाशावर उतरवून घ्यावी आणि मगच वास्तुरचनाकाराकडे जावे.

खरे नुकसान मात्र उतार कापताना होते. सपाट जोते मिळावे म्हणून जेसीबी लावून जांभा उभा कापला जातो. जांभा सच्छिद्र असतो आणि त्याच्याखाली पुष्कळ ठिकाणी मऊ चिकणमातीचा थर असतो, त्यामुळे वर मुरलेले पाणी त्या थरावरून सरकत नेमके कापलेल्या तोंडातून बाहेर पडते. तिथे पाणी निघायला छिद्रे नसलेली भिंत बांधली, तर ती कितीही जाड असली तरी मागे तुंबलेले पाणी तिला पुढे ढकलते. भिंतीला छिद्रे, मागे खडीचा थर आणि कापाच्या वरच्या अंगाला चर, एवढे तरी हवेच. भिंत आधीच झुकू लागली असेल, तर गिलाव्याने तडे झाकण्याआधी पाण्याला वाट काढून द्यावी. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा पऱ्या, म्हणजे पावसाळी ओहोळही बुजवू नये. माझ्या मते उतार न कापता घर दोन टप्प्यांत खाली उतरवणे बरे. पायऱ्या वाढतात हे खरे, म्हणून वडीलधाऱ्यांची खोली प्रवेशाच्या पातळीवर ठेवावी.

वळचण नसलेले सपाट छप्पर आणि पश्चिमेला अखंड काच छायाचित्रात शोभते, पण जुलैतली झड चौकटीच्या फटींतून आत येते. जुन्या घरांना पडव्या उगाच नव्हत्या.

खाऱ्या हवेत सळई लवकर गंजते. आयएस ४५६ हे काँक्रीटचे भारतीय मानक किनारी वातावरणातल्या उघड्या प्रबलित (सळई घातलेल्या) काँक्रीटसाठी किमान एम ३० ही मजबुतीची प्रत आणि सळईवर ४५ मिलिमीटर काँक्रीटचे आवरण सांगते, तर ठेकेदार सवयीने २५ मिलिमीटरचे कव्हर ब्लॉक (आवरणाचे अंतर राखणारे ठोकळे) लावून मोकळा होतो. ओतकामाच्या आदल्या दिवशी ते स्वतः पट्टीने मोजून घ्यावेत.