उन्हाळ्यात गलबताच्या पट्ट्यांमध्ये फटी पडू नयेत म्हणून

मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांवर जातो. अशा हवेत गलबताच्या लाकडी मॉडेलच्या सांगाड्यावर ओली पट्टी कधीच चिकटवू नका. भिजलेलं लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळपास नाहीच. वाळताना ते आकसतं आणि दोन पट्ट्यांमध्ये केसाएवढी फट उघडते.

५ मिमी रुंद, १.५ मिमी जाड पट्टी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, सांगाड्यावर वाकवून चिमट्यांनी धरा, रात्रभर वाळू द्या. मगच फेविकॉल, तोही एका वेळी एकाच पट्टीला, कारण कोरड्या हवेत त्यावर लगेच साय धरते. एक पट्टी डावीकडे, एक उजवीकडे. नाहीतर कणा, म्हणजे तळाचं मधलं लांब लाकूड, पिळतो. आणि कूलरचा दमट झोत कामाच्या टेबलावर नको, अगदी कितीही उकडत असलं तरी.