अंगावर पुरळ उठलं तर त्याचं कारण कसं शोधावं

अंगावर पुरळ उठलं की हात आपसूक घरात पडलेल्या मलमाच्या ट्यूबकडे जातो. तो हात जरा आवरा, ही माझी कळकळीची विनंती आहे. सारख्याच दिसणाऱ्या लाल चट्ट्यामागे बुरशी असू शकते, किडा असू शकतो, एखादी गोळी असू शकते किंवा घड्याळाचा पट्टाही असू शकतो. भलतंच मलम लागलं की पुरळाचं मूळ रूप पुसलं जातं आणि डॉक्टरांनाही ते ओळखता येत नाही.

१. आधी धोका आहे का ते बघा

ओठ, जीभ किंवा चेहरा सुजत असेल, श्वास घ्यायला त्रास होत असेल, तर हा लेख बाजूला ठेवून थेट रुग्णालय गाठा. कातडी नुसती खाजत नसून दुखतेय, फोड येऊन ती सुटू लागलीय, तोंडात किंवा डोळ्यांत जखमा झाल्यात, तरीही तेच करा. गेल्या काही आठवड्यांत नवं औषध सुरू झालं असेल तर एक तासही घालवू नका आणि ते औषध सोबत न्या.

आता काचेचा पारदर्शक पेला घ्या. त्याची बाजू पुरळावर घट्ट दाबा आणि काचेतून बघा. दाबल्यावर लाली फिकी पडली तर रक्त अजून रक्तवाहिन्यांतच आहे. ठिपके जसेच्या तसे लाल-जांभळे दिसत राहिले तर रक्त कातडीखाली झिरपलंय. अशा ठिपक्यांसोबत ताप असेल, मान आखडली असेल किंवा माणूस गुंगीत असेल, तर मेंदूच्या आवरणाला किंवा रक्तात जंतुसंसर्ग झाल्याची शक्यता असते आणि तिथे मिनिटं मोलाची असतात. ताप नसला तरी असे ठिपके त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. उलट, आजारी माणसाचे ठिपके फिके पडले म्हणून निर्धास्त होऊ नका.

२. दिवसाउजेडी सगळं अंग बघा

जिथे खाजतंय तेवढंच बघून भागत नाही. डोकं, नखं, बोटांची बेचकी, काखा, जांघा, तळपाय, सगळं तपासा. सावळ्या किंवा काळ्या रंगाच्या कातडीवर लाली फसवते. तिथे पुरळ जांभळट, राखाडी किंवा नुसतं गडद तपकिरी दिसतं, म्हणून हात फिरवून ऊब, जाडी आणि खरखरीतपणा चाचपून बघा.

जागेवरून आणि आकारावरून बरंच कळतं. कड उचललेली, तिथेच खवले आणि मधली कातडी स्वच्छ होत चाललेली गोल चकती दिसली तर बहुधा नायटा, म्हणजे बुरशीचा संसर्ग. कोपराच्या आणि गुडघ्याच्या आतल्या घडीत खाज सुटत असेल तर इसबाची शंका घ्यावी. त्याच सांध्यांच्या बाहेरच्या बाजूला चंदेरी खवल्यांचे जाड चट्टे असतील तर सोरायसिसची. शरीराच्या एकाच बाजूला पट्ट्यासारखे पाण्याचे फोड आले आणि आधी दोन-तीन दिवस तिथे आग होत होती, तर ती नागीण. तिच्यावरची विषाणूरोधक औषधं फोड दिसल्यापासून ७२ तासांच्या आत सुरू झाली तर सर्वांत चांगला उपयोग होतो, तेव्हा इथे वाट बघू नका.

कडा सरळ रेषेत किंवा एखाद्या वस्तूच्या आकाराच्या असतील तर कारण बाहेरून आलंय असं समजा. मनगटावर घड्याळाच्या मागच्या झाकणाएवढी चकती, बेंबीखाली पँटच्या बटणाएवढा डाग, केसांना रंग लावल्यावर कपाळाच्या कडेने आणि कानामागे उठलेली आग. शरीर आपल्या मनाने असे नेमके आकार काढत नाही. ‘पण मी हेच दहा वर्षं वापरतोय’ असं लोक म्हणतात. ॲलर्जी वर्षानुवर्षं वापरलेल्या वस्तूचीही अचानक सुरू होते.

आणि एक चट्टा खाजत नाही म्हणून दुर्लक्षित राहतो: फिकट किंवा लालसर, ज्यावर स्पर्श जाणवत नाही असा. तो कुष्ठरोगाचा असू शकतो. वेळेत औषधं घेतली तर हा आजार पूर्ण बरा होतो, म्हणून संकोच न करता दाखवा.

३. पेनने रेघ ओढा

अंगावर पित्त उठल्यासारख्या गांधी आल्या असतील तर त्यातल्या एकीभोवती पेनने रेघ ओढा आणि शेजारी वेळ लिहा. पित्ताची गांधी साधारण २४ तासांत मागमूस न ठेवता विरते आणि दुसरीकडे उठते. दुसऱ्या दिवशीही ती रेघेच्या आत तशीच असेल, दुखत असेल किंवा जाताना काळसर डाग ठेवून गेली, तर ते साधं पित्त नसावं.

४. दिवस मागे मोजा

स्पर्शाने होणारी ॲलर्जी बहुतेकदा एक ते तीन दिवसांनी दिसते, म्हणून आज सकाळचं आठवून उपयोग नाही, परवाचं आठवा. औषधाचं नेहमीचं पुरळ गोळी सुरू केल्यापासून साधारण ४ ते १४ दिवसांत उठतं, कधी कोर्स संपल्यावरही. बंद केलेल्या गोळ्यांची नावंही लिहा.

५. घरात आणखी कुणाला खाजतंय का, विचारा

रात्री अंथरुणात खाज वाढते, बोटांच्या बेचक्यात, मनगटावर, कमरेभोवती बारीक पुटकुळ्या आहेत आणि घरातलं दुसरं कुणी खाजवतंय, तर खरूज असण्याची शक्यता मोठी. पहिल्यांदा झाली तर खाज सुरू व्हायला ४ ते ६ आठवडे लागतात, त्यामुळे न खाजणाऱ्यालाही लागण झालेली असू शकते. म्हणून उपचार सगळ्या घराने एकाच वेळी घ्यायचा असतो.

६. स्टेरॉइडचं मलम मनाने लावू नका

माझ्या बहिणीला मांडीवर नाण्याएवढी चकती आली होती. कुणीतरी दिलेलं मलम तिने लावलं, चार दिवसांत खाज गेली, सगळ्यांना बरं वाटलं. सहा आठवड्यांनी चट्टे कमरेपर्यंत चढले होते आणि ती ठळक गोल कड पार नाहीशी झाली होती. मलमात स्टेरॉइड होतं. ते लाली आणि खाज दाबतं, पण बुरशीला मोकळं रान मिळतं. निदान व्हायला तिला फार हेलपाटे घालावे लागले. निदान होईपर्यंत थंड पाण्याची पट्टी आणि बिनवासाचं साधं मॉइश्चरायझर एवढं पुरतं.

७. डॉक्टरांकडे जाताना

पहिल्या दिवसापासूनचे फोटो, औषधांची यादी आणि लावलेल्या मलमाची ट्यूब न्या. बहुतेक पुरळ बघून आणि विचारून ओळखता येतं. बुरशीची शंका असेल तर खवले खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. हे काही मिनिटांचं काम आहे, पण बुरशीरोधक मलम लावून गेलात तर बुरशी असूनही दिसत नाही. निदान अडलं तर बधिर करून कातडीचा ३-४ मिलिमीटरचा तुकडा तपासायला घेतात.

स्पर्शाच्या ॲलर्जीसाठी पॅच टेस्ट असते. संशयित पदार्थांच्या पट्ट्या पाठीवर ४८ तास चिकटवून ठेवतात आणि त्या काढल्यावर दोन-तीन दिवसांनी पुन्हा बघतात. तोवर पाठ भिजवायची नाही, घाम येईल असं काम टाळायचं. दुसऱ्यांदा दाखवायला मात्र नक्की जा, कारण काही पदार्थांची प्रतिक्रिया तेव्हाच उमटते.